रातांधळेपणाचा शोध आणि १डी४ प्रतिपिंड

दिवेलागणीनंतर चाचपडत चालणाऱ्या मुलास रातांधळेपणा आहे, हे घरातील माणसांच्या सहज ध्यानात येते. मात्र त्यामागील कारण प्रत्येक वेळी एकच नसते. या कारणांचा मागोवा घेण्यासाठी संशोधकांच्या हाती जी साधने आली, त्यांत १डी४ या प्रतिपिंडाचे स्थान महत्त्वाचे आहे.

मानवी डोळ्याच्या दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी असतात. मंद प्रकाशात पाहण्याचे कार्य त्या करतात. त्यांच्या बाहेरच्या भागात सूक्ष्म चकत्यांची चळत असून, तीत ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन दाटीने भरलेले असते. ३४८ अमिनो आम्लांची साखळी आणि 'अ' जीवनसत्त्वापासून मिळणारे रेटिनल यांच्या संयोगाने ते बनते. प्रकाश पडताच रेटिनलचा आकार बदलतो आणि दृष्टीची क्रिया सुरू होते. दृष्टिपटल व 'अ' जीवनसत्त्व यांचा संबंध उलगडणारे जॉर्ज वाल्ड हे १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत.

पेशीत हे प्रथिन नेमके कोठे आहे, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून कळत नाही. परक्या पदार्थाला नेमके ओळखून चिकटणे हा प्रतिपिंडाचा गुण येथे उपयोगी पडतो. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी केंब्रिज येथे उंदराची प्रतिपिंड निर्माण करणारी पेशी आणि कर्कपेशी यांचा संकर घडवून, एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळविण्याची रीत शोधून काढली. याच रीतीने १९८० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट मोल्डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनविरुद्ध १डी४ तयार केले. ते या प्रथिनाच्या साखळीचे शेवटचे टोक तेवढे ओळखते.

दृष्टिपटलाच्या पातळ कापावर हे प्रतिपिंड सोडून, त्याला चिकटणारे दुसरे, चकाकणाऱ्या रंगाचे प्रतिपिंड वापरले की ऱ्होडॉप्सिन असेल ती जागा उजळून दिसते. निरोगी पेशीत हा उजेड बाहेरच्या भागातच असतो. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आनुवंशिक विकारात मात्र हे प्रथिन पेशीच्या इतर भागांतही साचलेले आढळू शकते. या विकाराच्या काही घराण्यांत ऱ्होडॉप्सिनच्या जनुकातच दोष असल्याचे १९९० मध्ये सिद्ध झाले.

१डी४ हे संशोधनाचे साधन आहे. रुग्णाची तपासणी त्याने होत नाही. तथापि त्यातून मिळालेले ज्ञान व्यवहारात मोलाचे आहे. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी आलेला रातांधळेपणा वेळीच मात्रा दिल्यास बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास बुबुळाला इजा होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. आनुवंशिक विकार मात्र या मात्रेने बरा होत नाही. म्हणून अशा बालकास प्रथम आरोग्य केंद्रात न्यावे, आणि मात्रा देऊनही फरक न पडल्यास नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस प्रत्येक बालकास मिळतात की नाही, याकडे पंचायत सदस्य व शिक्षकांनी लक्ष पुरविल्यास टाळता येण्याजोगे अंधत्व निश्चितच टळेल.