खांदेरीचें आरमारी युद्ध व त्याचा परिणाम

खांदेरीच्या लढाईंत जय कोणाचा झाला, या प्रश्नास इंग्रज लेखक ‘इंग्रजांचा’ असेंच उत्तर बहुधा देत आले आहेत. १८ ऑक्टोबर १६७९ या एका दिवसापुरतें तें मान्य करतां येईल. परंतु ज्या बेटासाठीं लढाई झाली तें पुढें कोणाकडे राहिलें, हें पाहिल्यावांचून जयापजयाचा निवाडा करणें आम्हांस युक्त वाटत नाहीं.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारें २० किलोमीटरांवर, थळच्या किनाऱ्यासमोर हें बेट आहे. सिद्दीचें आरमार पावसाळ्यांत मुंबईस माजगांवीं आसऱ्यास राही आणि तेथून शिवाजीमहाराजांच्या मुलखास उपद्रव देई. या वाटेवर ठाणें घालावें म्हणून महाराजांनीं ऑगस्टअखेर मायनाक भंडारी यांस खांदेरीवर पाठवून तटाचें काम सुरू करविलें. इंग्रजांनीं अटकाव केला; १९ सप्टेंबरास बेटावर उतरूं पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

१८ ऑक्टोबरास दौलतखान मराठी आरमार घेऊन इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून आला. ‘डव्ह’ गुराब मराठ्यांनीं पाडाव केली, लहान नावा पळाल्या, आणि कॅप्टन मिंचिन व केजविन ज्यावर होते तें ‘रिव्हेंज’ एकटेंच टिकून राहिलें. (हाच केजविन १६८३ मध्यें कंपनीविरुद्ध बंड करून मुंबईचा गव्हर्नर होऊन बसला.) ‘रिव्हेंज’च्या तोफांनीं पांच गलबतें बुडविलीं व बाकीचीं नागांवच्या खाडीकडे परतलीं, असें वखारवाल्यांचीं पत्रें सांगतात.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. इंग्रजी पत्रांतील तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. गोवें व चौल येथील पोर्तुगीज कागद नव्या पद्धतीनें लिहिलेले असतात. दोहोंत १० दिवसांचें अंतर असल्यानें १८ ऑक्टोबर हा पोर्तुगीज गणनेनें २८ ऑक्टोबर होय. ही वजाबाकी न केल्यास एकाच लढाईच्या दोन लढाया होतात.

त्या विजयानें इंग्रजांस मिळालें काय? खोल बुडाच्या जहाजांस उथळ खाड्यांत शिरतां येईना. मराठी गलबतें वल्ह्यांवर चालत, वारा पडला तरी त्यांचें अडत नसे. रात्रीं पहारा चुकवून तीं बेटावर रसद पोंचवीत. युद्धाचा निकाल तोफांनीं लागला नाहीं; या रसदेनें लागला. म्हणून थळ-नागांवकडील दप्तरांत तांडेलांचे किंवा धान्याचे हिशेब आढळल्यास संग्राहकांनीं ते क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नयेत.

नोव्हेंबरांत सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीस आला, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. बेट घेतलें तर तें हाच बळकावील, ही धास्ती त्यांस होती. खर्च वाढला, सुरतकरांनीं तहाची आज्ञा केली, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रज बाजूस झाले. सिद्दीनें मात्र जानेवारींत शेजारची उंदेरी घेतली, त्यामुळें महाराजांचा हेतु अर्धाच साधला. १६८१ मध्यें संभाजीमहाराजांनीं केलेला उंदेरीवरील हल्लाही फसला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली; १७१८ मध्यें कान्होजी आंग्रे यांच्या अमलांत गव्हर्नर बून यानें तीवर आरमार नेलें, तेंही हात हलवीत परत गेलें.