आधी कपाट, मग प्लेयर

डिस्क प्लेयर घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी टीव्हीकडे बघतात. टीव्ही फोर-के आहे, तेव्हा प्लेयरही फोर-केच हवा, असा सरळ हिशेब मांडला जातो. मला तो पटत नाही. टीव्ही आठ-दहा वर्षांत बदलेल. कपाटातल्या चकत्या मात्र त्याच राहतील आणि त्यातल्या कितीतरी पुन्हा कुठे विकत मिळणार नाहीत. म्हणून दुकानात जाण्याआधी कपाट उघडावं, सगळ्या चकत्या जमिनीवर मांडाव्यात आणि जातीनुसार त्यांचे ढीग लावावेत. कोणता प्लेयर घ्यायचा याचं निम्मंअधिक उत्तर त्या ढिगांतच असतं.

मराठी घरात सगळ्यात मोठा ढीग बहुधा व्हीसीडीचा निघतो. व्हीसीडी १९९३ साली आली. गाण्याच्या सीडीवरच चित्र बसवायची ही युक्ती. तिच्यात चित्र फक्त ३५२ गुणिले २८८ बिंदूंचं आणि एका चकतीवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटं. त्यामुळे हिंदी सिनेमा दोन-तीन चकत्यांवर यायचा आणि ऐन रंगात उठून पुढची चकती घालावी लागायची. पण ती स्वस्त होती. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा भाड्याने सीडी आणणाऱ्यांनीही विकत घेऊन कपाटं भरली. मराठीत तर या चकत्यांवर केवळ सिनेमे नव्हते. नाटकांची चित्रमुद्रणं होती, कीर्तनं होती, बालनाट्यं होती. त्यातल्या अनेक प्रयोगांतले नट आज हयात नाहीत. ही चकती चालवू शकणारं यंत्र घरात असणं मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

आणि पहिली अडचण नेमकी इथेच येते. साधा डीव्हीडी प्लेयर व्हीसीडी सहसा बिनतक्रार वाजवतो. पण ब्लू-रे आणि त्यातही फोर-के प्लेयर महाग आहे म्हणजे जुनं सगळं त्यात चालेलच, असं धरून चालू नये. अनेक नव्या यंत्रांच्या माहितीपत्रकात डीव्हीडी असते, गाण्याची सीडी असते, पण व्हीसीडीचं नाव नसतं. खोक्यावरच्या चकचकीत चिन्हांवर विसंबू नका. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ‘चालणाऱ्या डिस्क’ असा तक्ता असतो, तोच वाचा. व्हीसीडीचा ढीग मोठा असेल तर काही हजारांत मिळणारा साधा डीव्हीडी प्लेयर हीच तुमची पहिली खरेदी. पुढे ब्लू-रे प्लेयर आला तरी हा खालच्या फळीवर राहू द्यावा.

दुसरा ढीग डीव्हीडीचा. १९९६च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत ती बाजारात आली. सीडी वाचायला डोळ्यांना न दिसणारा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५०चा लाल, ब्लू-रेला ४०५चा निळा-जांभळा. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक आणि तितकी माहिती दाट. चकती तेवढ्याच १२ सेंटिमीटरची, पण सीडीत ७०० मेगाबाइट, डीव्हीडीत ४.७ किंवा दोन थरांत ८.५ गिगाबाइट आणि ब्लू-रेत २५ किंवा ५० गिगाबाइट. ब्लू-रे प्लेयरमध्ये हे तिन्ही लेझर शेजारी शेजारी बसवलेले असतात. जुन्या यंत्रात एक लेझर आधी थकतो आणि डीव्हीडी छान चालते पण सीडी ‘नो डिस्क’ दाखवते, त्याचं कारण हेच.

डीव्हीडीच्या बाबतीत सेटिंगमधल्या दोन गोष्टी बघायलाच हव्यात. पहिली पाल आणि एनटीएससी यांची. आपलं दूरदर्शन पाल पद्धतीचं, पण भारतात निघालेल्या कितीतरी हिंदी डीव्हीडी एनटीएससीत आहेत. प्लेयर ‘पाल’वर अडकवून ठेवला तर तो प्रत्येक एनटीएससी चकतीचं चित्र रूपांतरित करतो आणि हालचालीला झटके बसतात. तिथे ‘ऑटो’ ठेवावं. उलट पाल डीव्हीडीची एक वेगळी गंमत आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पालमध्ये त्या २५ होतात, म्हणून दोन तासांचा सिनेमा साधारण ११५ मिनिटांत संपतो. आवाज मुद्दाम दुरुस्त केलेला नसेल तर गाण्याची पट्टीही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. पेटी घेऊन सिनेमातलं गाणं बसवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट पडद्याच्या आकाराची, आणि ती मला जास्त खुपते. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेला आहे. आजचा टीव्ही रुंद, ४३ इंची असो की ६५ इंची. ‘पडदा भरून दिसू दे’ म्हणून आपण चित्र ताणतो आणि विष्णुपंत पागनीसांचा तो सात्त्विक चेहरा रुंद, सुजलेला दिसायला लागतो. प्लेयरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा आणि टीव्हीच्या रिमोटवरून अशा सिनेमापुरतं ४:३ निवडा. डावी-उजवीकडच्या काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्या. दिग्दर्शकाने चौकट आखली ती तेवढीच.

डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू. फोर-के टीव्हीचा पडदा जवळपास ८३ लाख बिंदूंचा. म्हणजे एका बिंदूतून वीस तयार करायचे. खोक्यावर ‘अपस्केलिंग’ असं ठळक छापलेलं असतं ते हेच काम. पण हे काम टीव्हीलाही करावंच लागतं आणि चांगला टीव्ही ते चांगलंच करतो, तेव्हा निव्वळ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत. खरा कस लागतो तो नाटकांच्या आणि दूरदर्शनच्या जुन्या चित्रमुद्रणांवर. त्यात प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन हप्त्यांत नोंदलेली असते. प्लेयरला हे हप्ते नीट जुळवता आले नाहीत तर नट हात हलवतो तेव्हा हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटतात. दुकानात बघायचं असेल तर हे बघा, झगमगीत नमुना-चित्रफीत नव्हे.

जोडणीचं थोडक्यात. जुन्या प्लेयरला लाल, पांढरी आणि पिवळी पिन असते. नव्या टीव्हीला बऱ्याचदा ती खोबणच नसते किंवा वेगळी जोडवायर लागते. नवा डीव्हीडी प्लेयर घेत असाल तर एचडीएमआय असलेलाच घ्या.

आता ब्लू-रे. ती २००६ साली आली. तोशिबाच्या एचडी डीव्हीडीशी तिची दोन वर्षं झुंज चालली आणि फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने माघार घेतली. तिच्यापुढची फोर-के ब्लू-रे २०१६ची, ६६ किंवा १०० गिगाबाइटची. या दोहोंत निवड करताना दिवाणखान्यात सोफा कुठे आहे हे बघावं. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. दहा फुटांवरून हे अंतर जेमतेम ०.९ मिलिमीटर भरतं. ४३ इंची पडद्यावर डीव्हीडीचा एक बिंदू सुमारे १.३ मिलिमीटर रुंद, म्हणून तिचं चित्र मऊ दिसतं. साध्या ब्लू-रेचा बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या आतच. त्याहून बारीक बिंदू दहा फुटांवरून दिसणारच नाहीत. ५५ इंची टीव्हीवरही हिशेब फारसा बदलत नाही. डीव्हीडीवरून ब्लू-रेवर गेलात तर फरक घरातल्या प्रत्येकाला कळेल. ब्लू-रेवरून फोर-केवर गेल्यावर जो फरक दिसतो तो बारकाव्यांचा कमी आणि उजेडाचा, रंगांचा जास्त. साध्या ब्लू-रेत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, फोर-केत १,०२४. समईच्या उजेडातला चेहरा, पहाटेचं आभाळ अशा जागी हा फरक उघड दिसतो.

तो दिसायला मात्र टीव्ही आणि प्लेयर यांची भाषा एक हवी. एचडीआर१० सगळ्यांना कळते. त्यापुढे डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० प्लस असे दोन पंथ आहेत. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, एचडीआर१० प्लस घेतात. सोनी आणि एलजीच्या अनेक टीव्हींचं याच्या उलट. पॅनासॉनिकचा यूबी८२० हा प्लेयर दोन्ही जाणतो. सोनीचा एक्स७०० डॉल्बी व्हिजन दाखवतो, पण ते सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू-बंद करावं लागतं. घरात प्लेस्टेशन ५ असेल आणि त्याला चकतीचा कप्पा असेल, तर फोर-के ब्लू-रे चालवायची सोय आधीच झालेली आहे. तरी त्यात डॉल्बी व्हिजन नाही आणि गाण्याची साधी सीडीसुद्धा चालत नाही, हे माहीत असू द्या.

ओटीटी असताना एवढा खटाटोप कशाला, हे कोणीतरी विचारतंच. फोर-के ब्लू-रेवरून माहिती सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत येऊ शकते. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटची जोडणी पुरे म्हणतं. पाऊस, धुकं, गर्दी अशा दृश्यांत ही काटकसर दिसते. आवाजात ती आणखी ऐकू येते, कारण चकतीवरचा आवाज मूळ मुद्रणातलं काही न गाळता साठवता येतो. आणि ओटीटीवरचा सिनेमा त्या कंपनीच्या कराराइतकाच तिथे राहतो. आवडता सिनेमा शोधावा आणि तो तिथून गेलेला असावा, हे आता सगळ्यांच्या वाट्याला आलं आहे.

आवाजावरून आठवलं. अनेक नव्या टीव्हींनी डीटीएस ही आवाजाची पद्धत काढून टाकली आहे. चकती लावली, चित्र आलं आणि आवाज गायब, अशी तक्रार असेल तर प्लेयर नादुरुस्त समजू नका. त्याच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओला ‘पीसीएम’ निवडा, आवाज येतो.

परदेशी असलेल्या मुलाबाळांकडून चकत्या मागवणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डीव्हीडीच्या विभागणीत भारत रीजन ५मध्ये येतो, अमेरिका १मध्ये. ब्लू-रेत भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली होती. तिच्यातून वाचलेले तुकडे दुरुस्त करून तयार झालेली प्रत २०१५ साली लोकांपुढे आली आणि अमेरिकेच्या क्रायटेरियन संस्थेने तिची ब्लू-रे काढली. ती रीजन ‘ए’ची. भारतात घेतलेल्या साध्या ब्लू-रे प्लेयरमध्ये ती चालणार नाही. फोर-के ब्लू-रेला मात्र व्यवहारात हे कुंपण नाही. म्हणून अमेरिकेतून साध्या ब्लू-रे आणायच्या असतील तर सर्व रीजन चालणारा प्लेयर विचारून घ्या. खुद्द प्लेयरच तिकडून येणार असेल तर मागच्या पट्टीवर ‘१००–२४०’ व्होल्ट लिहिलंय का बघा. नुसतं ‘१२०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत घातल्या घातल्या तो जळेल.

हे सगळं लवकर ठरवायला हवं, कारण बनवणारे कमी होत चालले आहेत. ओप्पो डिजिटलने २०१८ साली नवे प्लेयर बनवणं थांबवलं, २०१९मध्ये सॅमसंगने अमेरिकी बाजारासाठी नवी मॉडेल काढणार नसल्याचं सांगितलं.

शेवटचा ढीग छोटा, पण सगळ्यात नाजूक. लग्न, मुंज, बारसं यांच्या घरगुती डीव्हीडी. बाजारातल्या चकतीवर खड्डे साच्याने छापलेले असतात, या चकत्यांवर मात्र रंगद्रव्याचा थर लेझरने भाजून नोंद केलेली असते. ऊन, उष्णता, कोकणातली दमट हवा यांनी हे द्रव्य उतरत जातं. कुठलाही महागडा प्लेयर ते परत आणू शकत नाही. म्हणून प्लेयरच्या आधी यूएसबीने संगणकाला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणा आणि या चकत्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, दोन ठिकाणी. पुसताना मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नव्हे. सीडी आणि व्हीसीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने काही लिहू नका, कारण माहितीचा थर त्याच बाजूला, छपाईच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो जाडीच्या मध्यावर असतो, तर ब्लू-रेत खालच्या पृष्ठापासून ०.१ मिलिमीटर आत, म्हणून ब्लू-रेची चमकती बाजू जपायची.

नव्या दुकानांत आता निवडीला फारसं काही मिळत नाही, तेव्हा मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे वापरलेल्या यंत्रांची चौकशी करायची वेळ येऊ शकते. तिथे जाताना पिशवीत घरच्याच चकत्या न्या. एक व्हीसीडी, थोडे चरे पडलेली. एक लांब सिनेमाची दोन थरांची डीव्हीडी. एक घरगुती नोंदीची डीव्हीडी, तिची नक्कल झाल्यावरच. यंत्र ब्लू-रेचं असेल तर एक ब्लू-रे. दोन थरांची डीव्हीडी मध्यापर्यंत पुढे ढकलून मग चालू द्या. लेझर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जातो त्या क्षणी चित्र पळभर थबकलं तर चालेल, पण तिथेच अडकून बसलं तर ते यंत्र घेऊ नका. कप्पा आठ-दहा वेळा उघड-मिट करून बघा. रिमोट मूळचाच आहे ना, हेही विचारा, कारण काही प्लेयरच्या पुढच्या पट्टीवर सेटिंगची बटणंच नसतात आणि वर सांगितलेल्या साऱ्या दुरुस्त्या त्या रिमोटवाचून करता येत नाहीत.