शपथ, प्रायश्चित्त आणि ऐतिहासिक नाटक

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव येथे सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. 1708 मध्ये त्यांचा येथेच अंत झाला. आदल्या वर्षी शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाईंनी आपल्या सरदारांकडून दूधभातावर एकनिष्ठेची शपथ घेवविली, असे सांगितले जाते. तरीही खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी शाहूंना मिळाले. शपथ मोडणे हा अधर्म; पण गादीच्या वारसावर शस्त्र उगारणे हाही अधर्मच. ऐतिहासिक नाटकाचे बीज अशा पेचात असते. पात्र धर्म आणि अधर्म यांच्यामध्ये नव्हे, तर दोन धर्मांच्या कात्रीत सापडते.

मराठी रंगभूमीला हा पेच लगेच गवसला नाही. वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' (1861) हे मराठीतील पहिले ऐतिहासिक नाटक मानले जाते. त्यात रमाबाईंचे सहगमन पातिव्रत्याचा कळस म्हणून येते. सतीची चाल कायद्याने बंद होऊन तेव्हा तीस वर्षे लोटली होती. येथे मूल्याचा गौरव आहे. मूल्यांचा संघर्ष नाही.

तो संघर्ष कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त (1909) पूर्ण तेजाने प्रकटतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपणांस ठाऊक आहेच. नाटकाचा कणा मात्र रामशास्त्र्यांच्या निवाड्यात आहे. सत्ताधीश राघोबांना ते देहान्त प्रायश्चित्त सांगतात. 'प्रायश्चित्त' हा शब्द धर्मशास्त्राचा, पण येथे तो न्यायासनाचा शब्द होतो. ज्या धर्माच्या आधारे पेशवा राज्य करतो, त्याच धर्माचा दाखला देऊन शास्त्री त्याला आरोपी ठरवितात. शास्त्र्यांजवळ ना फौज, ना खजिना. म्हणूनच त्यांच्या शब्दाला धार येते. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते, आणि खाडिलकरांच्याच 'कीचकवधा'वर पुढे 1910 मध्ये बंदी आली. राज्यकर्ताही न्यायाला उत्तरदायी आहे, हे वाक्य त्या काळच्या प्रेक्षकाने केवळ पेशवाईपुरते ऐकले असेल, असे मानणे कठीण आहे.

या नाटकाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. पापाचा मोठा भार आनंदीबाईंच्या महत्त्वाकांक्षेवर पडतो. पुरुषाची सत्तालालसा दुबळेपणा म्हणून खपते, स्त्रीची मात्र कपट ठरते. हे मूल्यही त्या काळच्या समाजाचेच आहे, आणि रंगभूमीने ते फारसे तपासले नाही.

स्वाध्याय : रामशास्त्र्यांचा धर्म निवाड्यात दिसतो. धनाजींच्या बाबतीत निवाडा करणारा कोणी नाही. खेडच्या लढाईच्या आदल्या रात्रीचा प्रवेश रंगभूमीवर आणावयाचा झाल्यास, दूधभाताची शपथ आणि वारसाचा हक्क यांपैकी कोणती बाजू आपण त्यांच्या तोंडी अधिक समर्थपणे घालाल, ते सकारण लिहा.