स्प्रिंग कोणी धरलीय?

भाच्याने जिम्नी घेतली आणि सहा महिन्यांत ती ‘लिफ्ट’ करून आणली. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून गाडी दोन इंच उचलणाऱ्या लांब, कडक स्प्रिंगा बसवल्या. गाडीला रुबाब आला खरा. पण चाक खड्ड्यात सुटलं की खालून ‘ठक्’ असा आवाज यायचा, आणि मागे बसलेली माझी बहीण प्रत्येक स्पीडब्रेकरला किट बसवणाऱ्याचा उद्धार करायची. शेवटी त्या स्प्रिंगा काढायचं ठरलं. कोल्हापुरातल्या एका गॅरेजात मीही सोबत गेलो आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी स्टूल टाकून बसलो.

“साहेब, तिथनं उठा,” वस्ताद म्हणाले. “तिच्या समोर बसू नका.”

स्प्रिंग दिसायला लोखंडाचं साधं वेटोळं. पण गाडीखाली बसवलेली स्प्रिंग दबलेलीच असते. जेवढी दाबाल तेवढ्याच प्रमाणात ती उलट जोर लावते, हा रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम आपण शाळेत घोकलेला असतो. आता आकडे घालून पाहा. समजा, एखादी स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ३ किलो जोर लागतो आणि ती १५० मिलिमीटर दबून बसलीय. म्हणजे ४५० किलोंचा जोर कोणीतरी अडवून धरलाय. अडवणारा एकदम बाजूला झाला आणि साठलेली सगळी शक्ती उडण्यातच गेली, तर पाच किलोची ती स्प्रिंग दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन पडेल. म्हणून पाना हातात घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: हिला आत्ता कोणी धरलंय?

उत्तर गाडीगणिक बदलतं. २०२० पासूनच्या थारमध्ये पुढची स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते आणि वरचा एक नट तिला दाबून ठेवतो. चाक काढा, गाडी उचला, अख्खा जोड काढून बाकावर ठेवा, तरी ती दबलेलीच. तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो: आकडे असलेले दोन लांब बोल्ट, समोरासमोर लावून, एकदा हा, एकदा तो असे थोडे थोडे आवळायचे. स्प्रिंग बैठकीवर हलकी खुळखुळायला लागली की मगच वरचा नट. त्याआधी त्या नटाला हात लावणाऱ्याची गाठ थेट त्या साडेचारशे किलोंशी.

जिम्नीची गोष्ट वेगळी. तिला पुढे-मागे आडवा अखंड अॅक्सल आहे. चासी आणि अॅक्सल यांच्यामध्ये स्प्रिंग नुसती बसवलेली असते आणि शॉकअप शेजारी स्वतंत्र असतो. चासी उचलून घोड्यांवर ठेवली की अॅक्सल खाली लोंबतो, पण किती, ते शॉकअपची लांबी ठरवते. म्हणजे इथे स्प्रिंगेला धरून ठेवणारा शॉकअप. मूळच्या स्प्रिंगेत तोवर फारसा दम उरलेला नसतो. पण भाच्याच्या गाडीत स्प्रिंग लांब आणि शॉकअप जुनाच! त्यामुळे अॅक्सल पूर्ण लोंबला तरी स्प्रिंग चांगलीच दबलेली. तो ‘ठक्’ही यातूनच यायचा. गाडी दोन इंच वर गेल्याने चाकाला खाली जायला दोन इंच कमी उरले होते. खड्डा आला की शॉकअप शेवटापर्यंत ताणला जायचा आणि आदळायचा.

वस्तादांनी अॅक्सलखाली जॅक लावला, स्प्रिंगेवरचा ताण त्यावर घेतला आणि मग दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले. आता जॅक उतरवायचा, एवढंच मला वाटलं होतं. ते मात्र टॉर्च घेऊन खाली सरपटले. ब्रेकचा रबरी पाइप चासीला धरणारी क्लिप सोडवली, एबीएसची वायर मोकळी केली, हौसिंगचा हवेचा पाइप उपटला. लांब स्प्रिंग बाहेर यायला अॅक्सल कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जावा लागतो, आणि ब्रेकचा पाइप मात्र कंपनीच्याच मापाचा. पाइप न सोडवताच जॅक उतरवायची घाई अनेकांना भोवते. स्प्रिंग निघते, गाडी जोडली जाते, आणि आतून ताणलेला पाइप घाटात कधीतरी दगा देतो.

जॅक उतरू लागला तसा अॅक्सल एका अंगाला सरकताना दिसला. त्याला जागेवर ठेवणारी आडवी दांडी एका टोकाला चासीला बांधलेली असते, त्यामुळे तो सरळ खाली न जाता कमानीतून जातो. ८०० मिलिमीटरची दांडी आडवी असताना तिचं एक टोक २०० मिलिमीटर खाली नेलं, तर ते जवळजवळ एक इंच बाजूला जातं. मग स्प्रिंगेच्या वरच्या-खालच्या बैठका समोरासमोर राहत नाहीत. यावर उपाय पहार नव्हे. वस्तादांनी जॅक सरकवून अॅक्सलची डावी बाजू वर दाबली. उजवी आपसूक आणखी खाली गेली, आणि उजवी स्प्रिंग हातात आली. मग उलट बाजूने दुसरी. पुढे सळ्या-सांधे जास्त म्हणून वेळ लागला, रीत तीच.

फरशीवर जुनी-नवी शेजारी ठेवून पाहिली. लिफ्टची तार किंचितच जाड. पण स्प्रिंगेच्या गणितात तारेची जाडी चौथ्या घातात येते: बाकी मापं तीच ठेवून तार १० टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. बहिणीच्या कमरेला हे गणित न मांडताच कळलं होतं. (कायद्यालाही फेरफार रुचत नाहीत. गाडीत कंपनीच्या नोंदीबाहेरचे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.)

मूळच्या स्प्रिंगा चढल्या. तारेचं टोक बैठकीच्या खाचेत टेकलंय का, हे वस्तादांनी बोट फिरवून पाहिलं. रबरी बुश असलेले बोल्ट मात्र सैलच ठेवले. गाडी चाकांवर उतरल्यावर, स्वतःच्या वजनाने बसल्यावरच ते शेवटचे आवळले. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

भाच्याने सकाळी, लिफ्ट असताना, मागच्या अॅक्सलचा गोळा जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून ठेवलं होतं. आता पुन्हा मोजलं. तेवढंच. अॅक्सल चाकांवर उभा असतो. स्प्रिंग फक्त त्याच्या वरचं उचलते.

“मग इतके दिवस उंच काय झालं होतं?” त्याने विचारलं.

वस्ताद हात पुसत म्हणाले, “सीट.”