दोन देवास, दोन तुकोजीराव

नवी जनगणना तोंडावर आली आहे. संदर्भदिन १ मार्च २०२७, आणि मोजणी प्रथमच डिजिटल. आकडे बाहेर पडले, की ‘आमचा जिल्हा सव्वाशे वर्षांत किती पटींनी वाढला?’ असं चॅटजीपीटीला विचारणारे पुष्कळ निघतील. उत्तरही चुटकीसरशी मिळेल. देवासकरांनी मात्र जरा सबुरीनं घ्यावं.

१९०१ साली देवास एक नव्हतंच. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती, अशी दोन संस्थानं एकाच गावातून कारभार करत होती. थोरलीची लोकसंख्या ६२,३१२, धाकटीची ५४,९०४. दोन्हींचा मुलूख मिळून ८८६ चौरस मैल, म्हणजे जेमतेम २,३०० चौरस किलोमीटर. आजचा जिल्हा ७,०२० चौरस किलोमीटरचा आणि २०११ मध्ये त्याची लोकसंख्या १५,६३,७१५. करा भागाकार. एकट्या थोरल्या पातीचा आकडा धरला तर वाढ पंचवीस पट, दोन्हींचा धरला तर तेरा पट. गणित दोन्हीकडे बरोबर, उत्तर दोन्हीकडे चूक; कारण मोजलेली जमीनच निराळी.

नावांचा घोळ तर याहून बहारदार. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार आणि शेजारच्या इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर हे समकालीन. बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडली ती होळकरांनी. कर्जात रुतलेलं संस्थान मागे टाकून पाँडिचेरी गाठली ती पवारांनी. १९३७ मध्ये ते तिथेच वारले. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ मध्ये खासगी सचिव होता तो पवारांचा. शेजारी कोणते शब्द येतात यावरून पुढचा शब्द जुळवणाऱ्या यंत्रासाठी ‘तिसरे तुकोजीराव, माळवा, राजत्याग’ हा उघड सापळा आहे.

ग्रंथालयानं या सापळ्याचाच वाचकांसाठी धडा करावा. ‘तुकोजीराव होळकर पाँडिचेरीला कधी गेले?’ असा मुद्दाम वाकडा प्रश्न वाचकांना यंत्राला विचारायला लावावा. मग फॉर्स्टरचं ‘द हिल ऑफ देवी’ कपाटातून काढून समोर ठेवावं. यंत्रानं प्रश्नच चुकीचा असल्याचं सांगितलं तरी पडताळा सोडू नये. हे काही परदेशातून आणायचं शास्त्र नव्हे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना इतिहासकार राजवाड्यांनी बखरींची अशीच झडती घेतली होती.

त्याऐवजी आपण ‘एआय कार्यशाळा’ भरवतो. प्रॉम्प्ट कसा लिहावा, स्लाइड कशा करवून घ्याव्यात, प्रमाणपत्र, समोसा, घरी. उदाहरणार्थ, धारच्या भोजशाळेवर पुरातत्त्व सर्वेक्षणानं २०२४ मध्ये न्यायालयाला दिलेला अहवाल दोन हजारांहून अधिक पानांचा आहे. त्याचा दहा ओळींत सारांश कुणीही करवून घेईल. सारांशातून काय गळलं, हे मूळ पानं उलटल्याशिवाय कळणार नाही, आणि ती उलटायला शिकवणारा माणूस ग्रंथालयातच असायला हवा.

तो आहे कुठे? मध्य प्रदेशात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाच नाही. महाराष्ट्रात तो १९६७ पासून आहे, तरी गावोगावचे ग्रंथपाल तुटपुंज्या वेतनावर दिवस काढतात. नवे संगणक घेण्याआधी त्यांना धड पगार द्या आणि दुपारी दोन तास संदर्भाच्या टेबलावर बसू द्या.