आधी दही की आधी विरजण?

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी ‘अन्योन्याश्रय’ हा दोष शिकवला, तेव्हा वर्गात चांगलाच हशा पिकला होता. ‘अ’ सिद्ध व्हायला ‘ब’ हवा आणि ‘ब’ सिद्ध व्हायला ‘अ’ हवा. म्हणजे दोघेही एकमेकांच्या दारात ताटकळत उभे! हा दोष पुस्तकातच राहील, अशी माझी भाबडी समजूत होती. मे महिन्याच्या सुटीत तो मला घरच्या जुन्या संगणकात भेटला.

या संगणकावर ‘फ्रीबीएसडी’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रणालीची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. ती उतरवून घ्यावी आणि नवी आवृत्ती घरच्या घरी घडवावी. पण माणसाने लिहिलेली संहिता यंत्राला जशीच्या तशी कळत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करायला ‘कंपायलर’ आणि त्याच्या जोडीला आणखी काही अवजारे लागतात. नवी संहिता पुष्कळदा नव्या अवजारांच्या भरवशावर लिहिलेली असते; आणि ती नवी अवजारे असतात त्या नव्या संहितेच्याच पोटात! दह्याला विरजण हवे आणि विरजण तर दह्याचेच.

आमच्या आजीला हे कोडे कधी पडले नाही. ती वाटी घेऊन शेजारी जाई. आपल्या शास्त्रकारांनीही ‘बीजांकुरन्याय’ सांगताना हेच ओळखले होते. झाड बीजातून येते हे खरे, पण ते बीज त्याच झाडाचे नसते, आधीच्या झाडाचे असते. म्हणून ते वर्तुळ नव्हे. ती परंपरा होय.

फ्रीबीएसडीची रीत हीच आहे. ‘बिल्डवर्ल्ड’ ही आज्ञा दिली, की जुनी प्रणाली कोणत्या आवृत्तीची आहे हे आधी पाहिले जाते. तिची जी अवजारे कमी पडतील, तेवढी नव्या संहितेतून प्रथम घडवली जातात आणि एका तात्पुरत्या कप्प्यात ठेवली जातात. त्यांच्या साहाय्याने नवा कंपायलर तयार होतो आणि तो मग सारी नवी प्रणाली घडवतो. मधली अवजारे कायमची नसतातच. घर बांधून झाले की परांची उतरवतात, तसे त्यांचे काम संपते. मात्र जुनी प्रणाली फारच जुनी असेल, तर ही मधली अवजारेही तिला घडवता येत नाहीत. तेव्हा एकदम उडी न मारता मधल्या आवृत्तीवर मुक्काम करावा लागतो.

घडवणे झाले, तरी बसवणे उरतेच. कौले बदलणाऱ्याने स्वतः उभा आहे ते कौल काढू नये. म्हणून नव्या फायली जागेवर ठेवताना, त्या ठेवण्यासाठी लागणाऱ्या जुन्या अवजारांच्या प्रती आधी बाजूला काढल्या जातात. शिवाय क्रम ठरलेला आहे : प्रथम नवा ‘कर्नल’, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसवायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा, आणि मगच बाकीचे जग बसवायचे. कारण नवा कर्नल जुन्या प्रोग्रामांची भाषा सहसा जाणतो, पण जुना कर्नल नव्यांची जाणत नाही. २०१७ साली फायलींचे अंतर्गत क्रमांक ३२ बिटांचे ६४ बिट झाले, तेव्हा ‘अपडेटिंग’ या सूचनांच्या फायलीत हा क्रम पाळण्याची ताकीद होती.

मी ती फाइल अर्धीच वाचली. कर्नल बाजूला ठेवून आधी बाकीचे जग बसवले. लगेच साध्या साध्या आज्ञांना ‘बॅड सिस्टीम कॉल’ असे उत्तर येऊ लागले. संगणक बंद केला. तो पुन्हा नीट उठेना. तेव्हा आठवले, गेल्या वर्षी वारलेल्या आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या दीडशे ओव्या याच यंत्रात होत्या. दुसरी प्रत कुठेही नव्हती. ती रात्र कशी गेली, ते सांगत नाही.

सकाळी एका मित्राने त्याच्या संगणकावर फ्रीबीएसडीचा पेनड्राइव्ह तयार करून दिला. त्यावरून यंत्र सुरू केले. ओव्या जागच्या जागी होत्या! आधी त्यांची प्रत काढली, मग कर्नल बसवला आणि राहिलेले काम क्रमाने पुरे केले. आपले विरजण नासले, की दुसऱ्याच्या घरचे आणावे लागते, हे आजीला ठाऊक होते. मला ते एक रात्र जागून कळले.

आता ओव्यांची एक प्रत त्या मित्राकडे असते. आणि सूचनांची फाइल मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.