हळदीच्या हंगामात लेकरू कुठं असतं?

फेब्रुवारी-मार्च आला की शिरड शहापूरच्या शिवारात हळदीची काढणी सुरू होते. याच पट्ट्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आखाड्यावर हळद शिजवायला कढया नाहीतर वाफेचे कुकर चढतात, घरची सगळी माणसं कामाला जुंपतात. दीड-दोन वर्षांचं लेकरूही तिथंच, सहा-सात वर्षांच्या ताईच्या कडेवर असतं. ‘लक्ष ठेव गं!’ एवढ्यावरच त्याचा जीव सोपवलेला असतो.

एवढ्यावर भागत नाही. लहानग्यांची कातडी पातळ. मोठ्याला फक्त चटका देणारं पाणी त्यांना खोलवर भाजतं. शिजवणीच्या जागेभोवती दोरी बांधून उपयोग नाही, लेकरू तिच्याखालून जातं. फळ्यांचा पक्का आडोसा हवा. भाजलंच तर वीस मिनिटं गार वाहतं पाणी, मग 108. टूथपेस्ट नको, हळदही नको.

शेततळं त्याहून दगाबाज. आतला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहणारा गडीही काठ धरू शकत नाही. तारेचं कुंपण, आत सोडलेली गाठीची दोरी आणि हवा भरलेली ट्यूब हा शेततळ्याच्या खर्चाचाच भाग मानायला हवा. घरात तर रांगत्या बाळाला बुडायला अर्धी बादलीसुद्धा पुरते. बुडताना ते ओरडत नाही. उघड्या बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावलंय: वापरातल्या बोअरला पक्कं झाकण, सोडून दिलेला तळापासून जमिनीपर्यंत बुजवायचा.

फवारणीचं औषध उरलं की ते थंड पेयाच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवण्याची सवय मोडायलाच हवी. मूळ डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण धोका सांगतो. बाटलीवर तो नसतो आणि लेकराला ती ओळखीची वाटते. डबा कुलपातच हवा. औषध पोटात गेलंच तर उलटी काढू नये, डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

हे सगळं केलं तरी लेकरापाशी माणूस लागतोच. बांगलादेशात बुडून दगावणारी बहुतेक चिमुकली सकाळी नऊ ते एकच्या दरम्यान, आई कामात असताना, बुडत. तिथं त्याच वेळेत ‘आंचल’ नावाची गावातली पाळणाघरं सुरू झाली आणि मृत्यू खूपच घटले. आपल्याकडेही 2005 च्या रोजगार हमी कायद्याने हेच ओळखलं होतं: कामाच्या जागी बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर एका बाईला त्यांच्यासाठीच नेमायचं आणि मजुरी पूर्ण द्यायची. हळदीच्या टोळीलाही हे जमण्यासारखं आहे. मुकादमाने एक बाई लेकरांपाशी बसवावी आणि तिची हजेरी इतरांइतकीच धरावी.